मी मागे राहते, तुम्ही जा

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. कापूस, तूर हेच आमचं. पुण्याला नोकरीत असलेल्या माझ्या दिरांनी जानेवारीत सगळ्या घराचं अंदमानचं ठरवलंय. विमानाने जायचं, मग जहाजाने या बेटावरून त्या बेटावर. मी समुद्र कधी पाहिला नाही. रात्री मुलांसोबत मोबाइलवर जहाजं बघत बसते, अन् सकाळी कुणी विचारलं की ‘बघू, जमलं तर’ म्हणते. तेव्हा तूर काढणीला आलेली असेल. सासूबाईंना पाण्याची भीती. शेजारी म्हणतात, कापसाला भाव नाही अन् हे चालले समुद्रावर. मी घरात सांगणार आहे, मी मागे राहते, तुम्ही जा. बरोबर ना?

*

नाही, बरोबर नाही. तुमच्या पत्रात मी एकच गोष्ट शोधत होते: तुम्हाला थांबा म्हणालं कोण? यजमान म्हणाले नाहीत, सासूबाई म्हणाल्या नाहीत, भाऊजींनी तर सगळ्या घराचं ठरवलंय. हा त्याग कुणी मागितलेलाच नाही. अन् न मागता केलेला त्याग पुढे कधीतरी भलत्याच भांडणात बाहेर निघतो, तेव्हा समोरच्याला कळतही नाही की आपण नेमकं काय केलं होतं.

तुरीचा प्रश्न मात्र खरा आहे. पण तुम्ही एकट्या मागे राहून किती तूर सोंगणार? त्यापेक्षा आत्ताच यजमानांसोबत बसा. हलका वाण असेल तर डिसेंबरातच हाती येईल. भारी असेल तर जाण्याआधी जेवढी वाळली तेवढी सोंगून गंजी लावा, वर ताडपत्री घाला, मळणी आल्यावर करा. उभ्या तुरीवर रोही अन् डुकरं टपलेलीच असतात, म्हणून तेवढे दिवस जागलीला चुलत घरातलं कुणी बघा. त्यांच्या गरजेला तुमचे यजमान जातील. राहिला कापूस. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही झाडं उभी ठेवून घेतलेला कापूस, घेऊ नका, गुलाबी बोंडअळी पोसली जाते, असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं. यंदा ऐका त्यांचं, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून मोकळ्या व्हा.

शेजाऱ्यांचं सोडा. तुम्ही घरी बसलात म्हणून कापसाचा भाव रुपयानेही चढणार नाही.

सासूबाईंनी पाणी पाहिलं असेल ते पुराचं, त्यांची भीती काही खोटी नाही. त्यांना सांगा की जानेवारीत तिकडचा पावसाळा सरलेला असतो, समुद्र बराच शांत असतो. श्री विजयपुरमहून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून, स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) चांगल्या बोटीने साधारण दोन तास लागतात, बसायला खुर्च्या असतात. जागा मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. नजर लांब क्षितिजावर ठेवायची, मोबाइलमध्ये नाही. पोट रिकामं नको, तळलेलं खाऊन तट्टही नको. मळमळीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. त्यांना बीपी-शुगर असेल तर कुठली घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. स्वेटर नागपूरपर्यंतच लागेल, तिकडे सुती कपडे. मुलांना आधीच बजावून ठेवा की किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ खिशात भरायचे नाहीत. विमानतळावर काढून घेतात, वरून बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

आणि ते ‘बघू, जमलं तर’ आजपासून बंद. जहाजं बघायची तर जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर बघा, सासूबाईंनाही दाखवा. ज्या गोष्टीची इतकी वाट बघताय ती लपवायची कशाला? आई स्वतःच्या आनंदाची चोरी करते, हे मुलं बघताहेत.

एक काम मात्र आजच करा. तुमचं अन् सासूबाईंचं आधार कार्डावरचं नाव तिकिटावर जसंच्या तसं आहे का, ते भाऊजींना फोन करून विचारा. माहेरचं-सासरचं नाव, वडिलांचं की नवऱ्याचं, यात बायकांची तिकिटं हमखास अडकतात.