गोळ्या एकटीने बंद करू नकोस

प्रिय मैत्रिणी,

पत्राखाली नावाऐवजी तू ‘गुन्हेगार आई’ असं लिहिलं आहेस. ते आधी खोडते, मग उत्तराला बसते.

दोन वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुखणं थांबवणारी ट्रॅमाडॉलची गोळी सुरू झाली. दुखणं गेलं, गोळी राहिली. आता दिवसाला सहा होतात. पाचवा महिना लागलाय आणि नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात बाळासाठी म्हणून तू गोळ्या एकदम थांबवल्यास. दुसऱ्याच दिवशी नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पीळ, जुलाब, रात्रभर पायांची तडफड. तिसऱ्या दिवशी बाथरूमची कडी लावून पुन्हा गोळी घेतलीस. ‘माझ्यात एवढीही ताकद नाही का? माझं बाळ व्यसनी जन्मेल का?’ असं विचारतेस.

ताकदीचा इथे काही संबंध नाही. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. रोजच्या ओपिऑइडला सरावलेलं शरीर ते तुटलं की असंच बंड करतं. गरोदरपणात त्याचा ताण बाळावरही येऊ शकतो, वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती असते. शिवाय बंद करून पुन्हा गोळीकडे वळणाऱ्या खूप असतात. मधल्या दिवसांत सवय मोडलेली असते, त्यामुळे जुनाच डोस जिवावर बेतू शकतो. म्हणून उद्यापासून पुन्हा बंद करायचं ठरवलं असशील, तर करू नकोस. वाढवूही नकोस, जास्त ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते.

डॉक्टर कदाचित डोस हळूहळू उतरवतील, कदाचित ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर आणतील. ‘म्हणजे एक सोडून दुसरं!’ असं तुला वाटेल. हीसुद्धा ओपिऑइडच आहेत, खरं आहे. पण रक्तातली पातळी स्थिर राहते, चढउतार आणि तडफड थांबते. शेवटच्या महिन्यांत हा डोस वाढवावा लागला, तर आपण घसरलो असं समजू नकोस. गरोदरपणात शरीर औषध लवकर संपवतं.

आता बाळाचं. बाळ व्यसनी नसतं. व्यसनात हाव असते, नुकसान दिसत असूनही वस्तूमागे धावणं असतं. एवढ्याशा जिवाला ते कुठलं? नाळेतून मिळणारं औषध जन्मानंतर अचानक थांबतं, तेवढंच. पहिल्या दोन-तीन दिवसांत, कधी आणखी उशिरा, त्रास दिसू लागतो. आवाज चिरका होतो, हातपाय थरथरतात, एकामागून एक शिंका आणि जांभया येतात, बाळ अधाशासारखं चोखतं पण धड पीत नाही. प्रत्येक बाळाला हे होत नाही आणि झालं तर उपचार आहेत. पहिला उपचार तूच आहेस: मंद उजेड, घट्ट गुंडाळणं, छातीशी कातडीला कातडी. 2023 साली अमेरिकेतल्या 26 रुग्णालयांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळ पितंय का, झोपतंय का, शांत होतंय का, एवढंच पाहून काळजी घेतली तेव्हा बाळं सरासरी 8 दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. प्रत्येक लक्षणाला गुण देऊन बेरीज करण्याच्या जुन्या पद्धतीत जवळपास 15 दिवस लागले.

धोका नाहीच असं खोटं सांगणार नाही. वजन कमी भरणं, वेळेआधी जन्म हे जास्त आढळतं. सिगारेट किंवा झोपेच्या गोळ्या असतील (पत्रात उल्लेख नाही, पण असतील) तर तेही डॉक्टरांना सांग. ट्रॅमाडॉल चालू असताना अंगावर पाजू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्ये दिला. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर असलेल्या आईला मात्र पाजायला उत्तेजनच देतात.

लपवण्याचा सगळ्यात मोठा तोटा प्रसूतीच्या खोलीत होतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर असलेल्या बाईला कळांसाठी पेंटाझोसिनसारखं इंजेक्शन दिलं, तर काही मिनिटांत तीच तडफड सुरू होऊ शकते. बाळाच्या डॉक्टरांनाही आधी माहीत हवं, म्हणजे त्या रडण्याचा अर्थ त्यांना लगेच लागेल.

नवऱ्याला कधी सांगायचं ते तू ठरव. बाळ झाल्यावरचं पहिलं वर्ष पुन्हा घसरण्याचं असतं, तोवर घरात एकाला तरी कळलेलं बरं. डॉक्टरांना मात्र याच आठवड्यात सांग. तोंडातून शब्द फुटला नाही, तर चिठ्ठीवर लिही: ‘दोन वर्षं ट्रॅमाडॉल, रोज सहा गोळ्या, बंद करून पाहिलं, जमलं नाही.’ आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पर्समध्ये टाक. किती मिलिग्रॅमची गोळी, ते त्यावर असतं.

तुझी,
ताई