चिनी-कोरियन कथांमधल्या आजारी बायका कशा वाचाव्यात? सुरुवात कुठून करू?

१९२८ च्या ‘मिस सोफीची डायरी’पासून करा. चिनी लेखिका डिंग लिंगच्या या कथेची नायिका सोफी क्षयाने आजारी आहे. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. डॉक्टर सांगतात: भरपूर झोप, खा, वाचू नको, विचार करू नको. सोफीला नेमकं तेच जमत नाही. वेळ जावा म्हणून ती तेच दूध पुन्हापुन्हा तापवते, न पिताही. वाचक फसतो तो इथे. खोकला म्हटलं की आपण नाजूक, झुरणारी नायिका शोधतो. सोफी मात्र पुरुषाच्या ओठांकडे टक लावून बघते आणि त्याला मनातल्या मनात तोलते. आजारपणामुळे तिला एकटीची खोली मिळालीय, हे निसटू देऊ नका.

मग चिनी लेखिका शाओ होंगची १९३५ ची कादंबरी ‘द फील्ड ऑफ लाइफ अँड डेथ’ घ्या. गावातली सर्वांत देखणी युएयिंग लुळी पडते. नवरा आधी शुश्रूषा करतो, नंतर पांघरूण काढून भोवती विटा रचतो. शेजारणी धुवायला येतात तेव्हा अंगात अळ्या सापडतात. इथे आजाराला प्रतीक म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं; ती निव्वळ गरिबी आणि हेळसांड आहे.

कोरियनमध्ये हान कांगची ‘द व्हेजिटेरियन’ (२००७). तीन भाग, सांगणारी नजर नवऱ्याची, मेव्हण्याची, बहिणीची. मांस खाणं सोडणाऱ्या नायिकेचा, योंग-हेचा, स्वतःचा आवाज मुख्यतः पहिल्या भागातल्या स्वप्नांच्या तुकड्यांत येतो. ते तुकडे आधी वेगळे वाचा, मग तिला जबरदस्तीने भरवण्यासाठी नाकातून नळी घालायचा प्रसंग.