इंग्लंडमधल्या एखाद्या सामान्य कुटुंबाला आपली वंशावळ थेट सम्राट शार्लमेनपर्यंत सिद्ध करता येते का?

हो, येते, पण मध्ययुगातला एखादा सरदार-उमराव पूर्वज म्हणून पक्का सापडला तरच. तिथून पुढचा रस्ता तसा मळलेला आहे. पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा हा सम्राट शार्लमेन वारला 814 मध्ये. त्याचा नातू चार्ल्स द बॉल्ड, त्याची मुलगी ज्युडिथ. तिने फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमच्या बाजूचा प्रांत) सरदार पहिला बाल्डविन याच्याशी लग्न केलं आणि त्यांच्याच वंशातली माटिल्डा पुढे 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची राणी झाली. ही साखळी त्या काळच्या इतिवृत्तांवर आणि सनदांवर उभी आहे. खरी दमछाक होते ती अलीकडच्या टोकाला. चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी सुरू झाल्या 1538 मध्ये. त्याआधी साध्या माणसाचं नाव क्वचितच कागदावर येई. म्हणून स्वतःपासून एकेक पिढी मागे जा, मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त तपासा. आडनाव जुळलं म्हणून कुणाच्या तयार वंशावळीला आपलं नाव कृपया जोडू नका, सगळी मेहनत तिथेच वाया जाते. शार्लमेनच्याही मागे प्राचीन रोमन घराण्यांपर्यंत नेणाऱ्या वंशावळी मात्र आजवर सिद्ध झालेल्या नाहीत.