नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या उन्हात विमानाची बॅटरी जपताना

बाळा, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लेड-ॲसिड बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. सेलमधली पातळी वरचेवर बघ, घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

पण बरेच बिघाड बॅटरीत नसतात, जोडणीत असतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर दिसला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पूस. ते पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नकोस. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते, आणि तिथे बॅटरीतून निघालेला, चटकन पेट घेणारा हायड्रोजन वायू असतो!

माझ्याकडून एकदा मास्टर स्विच, म्हणजे विमानाची वीज चालू-बंद करणारा मुख्य स्विच, रात्रभर चालू राहिला. सकाळी बॅटरी ठार. बाहेरून करंट देऊन इंजिन सुरू झालं असतं, पण मी उड्डाण रद्द केलं. हवेत इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला तर रेडिओला आधार त्या बॅटरीचाच असतो.