पहिला क्रॉलर: आधी टायर आणि वजन, मोटर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न वाचला. पहिलाच आरसी क्रॉलर (दगडांवरून हळूहळू चढणारी रिमोटवरची छोटी गाडी) घ्यायचाय, ट्रॅक्सासची टीआरएक्स-४, ॲक्सिअलची एससीएक्स१० थ्री आणि छोटी एससीएक्स२४ यांत निर्णय होत नाहीये, आणि गाडी येण्याआधीच ॲल्युमिनियमच्या लिंक (ॲक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्या), ब्रशलेस मोटर (आत घासणारे ब्रश नसलेली), छतावरचा कॅरिअर अशी खरेदीची यादी तयार आहे. गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. यादीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

गाडी निवडताना आधी जागेचा विचार करा. घरात पुस्तकं, उशा, लाकडाचे तुकडे रचून चालवणार असाल तर १/२४ मापाची एससीएक्स२४ भरपूर आनंद देते. गुडघ्याएवढ्या दगडांत जायचं असेल तर १/१० मापाला पर्याय नाही. छोटीचे भाग स्वस्त असतात, पण केस आणि धूळ तिच्या गिअरमध्ये पटकन शिरतात. शिवाय रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) एकाच सर्किटच्या पट्टीवर असल्यामुळे एक बदलायचा तर दोन्ही बदलावे लागतात.

मोठ्या दोघींपैकी टीआरएक्स-४ २०१७ सालची. तिला पोर्टल ॲक्सल आहेत, दोन गिअर आहेत, आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) रिमोटवरून लॉक करता येतं. पोर्टल म्हणजे चाकाजवळच गिअरची आणखी एक जोडी. त्यामुळे ॲक्सलची नळी चाकाच्या मध्याच्या वर जाते आणि पोटाखाली जास्त जागा मिळते. खऱ्या युनिमॉगमध्येही हीच रचना असते. याचा दुसरा फायदा फारसा कोणी सांगत नाही. वेग चाकाजवळ कमी होत असल्यामुळे मधल्या शाफ्टवर ताण कमी येतो, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर चॅसिस एका बाजूला पिळवटते तेही कमी होतं. एससीएक्स१० थ्री २०२० मध्ये आली. तिच्या काही आवृत्त्यांत पोर्टल आहेत, काहींत सरळ ॲक्सल, तेव्हा घेताना नीट बघून घ्या. तिची डिफरन्शियल कायम लॉक असतात, म्हणून वळण थोडं मोठं लागतं, पण एक चाक हवेत गेलं तरी दुसरं फिरत राहतं. दोन्ही गाड्या उत्तम आहेत. जिचे सुटे भाग तुम्हाला सहज मिळतील ती घ्या. आणि पहिली गाडी तयारच घ्या. किट जोडताना खूप शिकायला मिळतं, पण काय बिघडलंय हे ओळखण्यासाठी नीट चालणारी गाडी कशी वागते हे आधी हाताला कळलेलं असावं लागतं.

आता यादी. पहिल्या आठ-दहा बॅटऱ्या संपेपर्यंत एकही भाग बदलू नका. फक्त तीन गोष्टींवर आधी खर्च करा: बॅलन्स चार्जर (बॅटरीतले सगळे सेल सारखे भरणारा), चांगली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि १.५, २ व २.५ मिलिमीटरचे कडक पोलादाचे हेक्स ड्रायव्हर. मऊ ड्रायव्हरने स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की पुढची संध्याकाळ तो स्क्रू काढण्यातच जाते.

लिपोबद्दल नीट ऐका. एक सेल पूर्ण भरलेला म्हणजे ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की तो कायमचा खराब होऊ शकतो. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. बऱ्याच ईएससीवर लिपो की निकेल बॅटरी हे ठरवणारा जंपर (काढून बदलता येणारी छोटी पिन) असतो. लिपोवर असला तर व्होल्टेज फार उतरण्याआधी ईएससी गाडी थांबवते. माझ्या पहिल्या गाडीत तो निकेलवर होता आणि मी तपासलाच नाही. गाडी मंदावली तरी चालवत राहिलो, आणि नवी बॅटरी उशीसारखी फुगली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. चांगलीही चार्ज करताना शेजारी बसून राहा आणि ती जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.

गाडी चालवायला लागलात की ती कुठे अडते ते बघा. बहुतेकदा दोनच प्रकार दिसतात: चाक दगडावर घसरून जागच्या जागी फिरतं, नाहीतर गाडी मागे किंवा बाजूला कलंडते. या दोन्हींवर मोटरचा उपाय चालत नाही. पहिल्याचं उत्तर टायर, दुसऱ्याचं वजन.

टायर बोटाने दाबून बघा. चांगल्या मऊ टायरची कडा दगडाच्या धारेवर ठेवलीत की गट्टू (टायरवरचे रबराचे उंचवटे) अलगद वाकतात, धारेला दोन्हीकडून कवटाळतात, आणि टायरचा बाजूचा भागही थोडा खाली बसतो. कडक टायर त्याच धारेवर नुसता टेकतो. गाडीसोबत आलेल्या टायरमध्ये पुष्कळदा रबर ठीक असतं, पण आतला फोम एवढा घट्ट असतो की रबराला वाकायला वावच मिळत नाही. म्हणून आधी फोम बदलून बघा. आत घट्ट आणि बाहेर मऊ असा दोन थरांचा फोम मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. तिरक्या उतारावर गाडीचं वजन खालच्या चाकांवर आलं की आतला थर टायरला पूर्ण चेपू देत नाही. टायरला किंवा रिमला हवेचं छिद्र आहे ना, तेही बघा. ते बंद असेल तर टायर फुग्यासारखा वागतो. रिम स्क्रूने आवळायची असेल तर हे सगळं सोपं, चिकटवलेली असेल तर टायर सोडवणं जिकिरीचं. १/१० मध्ये १.९ इंची रिम आणि १२ मिलिमीटरचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) सगळ्यात जास्त चालतो, तेव्हा पर्याय पुष्कळ मिळतील.

आता वजन. तुमच्या यादीतल्या छतावरच्या कॅरिअरचा हिशेब करू. समजा गाडी ३ किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८ सेंटिमीटरवर आहे. २० सेंटिमीटर उंचीवर १५० ग्रॅमचा कॅरिअर बसवलात तर गुरुत्वमध्य जवळजवळ ८.६ वर जातो. त्याऐवजी पुढच्या ॲक्सलजवळ, ५ सेंटिमीटर उंचीवर, २०० ग्रॅम पितळ लावलंत तर तो ७.८ पर्यंत खाली येतो. म्हणजे कॅरिअर जेवढं नुकसान करतो, त्याच्या एक तृतीयांशच २०० ग्रॅम पितळ भरून काढतं. म्हणून आधी वरचं काढा, मग खाली लावा. दिसायला कॅरिअर छान दिसतो हे मलाही मान्य आहे. फोटोपुरता लावा आणि चढाला जाताना काढून ठेवा.

पितळी वजनं पुढच्या स्टिअरिंग नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) किंवा चाकाच्या आत लावा. पुढेच का, तर चढावर वजन आपोआप मागच्या चाकांवर सरकतं आणि पुढची चाकं हलकी होऊन उचलली जातात. सपाटीवर पुढे साधारण ६० टक्के भार असला तर चढावर तो बराच समान होतो. बॅटरी पुढे सरकवायची सोय असेल तर हा फरक फुकटात मिळतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. एका फळीवर गाडी आडवी ठेवा, खालच्या चाकांना पातळ पट्टीचा अडसर द्या म्हणजे ती घसरणार नाही, आणि फळी हळूहळू उचला. वरची चाकं ज्या कोनाला सुटतील तो कोन फोनवरच्या लेव्हलने बघून लिहून ठेवा. मग तोंड चढाकडे करून तसंच करा. प्रत्येक बदलानंतर हे पुन्हा करा. कागदावर आकडे असले की कोणता भाग खरंच कामाचा आहे ते लगेच कळतं.

त्यानंतर सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. दोन दगडांमध्ये चाक अडकल्यावर मूळचा सर्व्हो बऱ्याचदा नुसता गुणगुणतो आणि चाक वळत नाही. १/१० ला २० ते २५ किलो-सेंटिमीटरचा धातूच्या गिअरचा सर्व्हो पुरतो. सोबत धातूचा हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर बसणारा हात) घ्या आणि दातांची संख्या जुळते ना ते बघा. इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडलो होतो. नवा दमदार सर्व्हो लावला आणि चाक अडकलं की गाडी क्षणभर निर्जीव व्हायची, ब्रेक सुटून मागे घरंगळायची. मी रिमोटला दोष देत रिसीव्हरही बदलला. खरं कारण असं की जोर लावताना सर्व्हो ईएससीमधल्या बीईसीच्या (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) कुवतीपेक्षा जास्त करंट ओढत होता, व्होल्टेज कोसळत होतं आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. सर्व्होला वेगळा बीईसी दिला आणि त्रास थांबला. सर्व्हो मागवताना त्याच यादीत बीईसी लिहा.

ॲल्युमिनियमच्या लिंकबद्दल स्पष्ट सांगतो, घेऊ नका. प्लास्टिकची लिंक दगडावरून घसरते आणि वाकून परत सरळ होते. ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात, ते ओरखडे दगडात अडकतात, आणि वाकलेली लिंक वाकलेलीच राहते. खालच्या लिंक बदलायच्याच असतील तर स्टेनलेस स्टीलच्या घ्या, वजनही खालीच राहील. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. प्लास्टिकला मात्र लावू नका, त्याने ते तडकू शकतं.

शॉकमध्ये मऊ स्प्रिंग आणि गळत नसलेलं तेल, एवढं सध्या पुरे.

मोटर शेवटी. ब्रशवाल्या मोटरमध्ये जास्त टर्न (तारेचे वेढे) म्हणजे कमी वेग आणि हळू चालवताना जास्त ताबा. ३५ किंवा ५५ टर्नची साधी मोटर क्रॉलिंगला फार गुणी असते. मोटर तापत असेल तर आधी एक-दोन दात कमी असलेला पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) लावून बघा. तो बसवताना पिनियन आणि स्पर गिअरमध्ये (त्याला जुळणाऱ्या मोठ्या गिअरमध्ये) कागदाची पट्टी ठेवून आवळा आणि मग ती फिरवून काढून घ्या, अंतर नेमकं राहतं. ब्रशलेसच हवी असेल तर सेन्सरवाली किंवा एफओसीवर (हळू वेगातही मोटर सलग फिरवणारी नियंत्रणाची पद्धत) चालणारी घ्या. सेन्सर नसलेली साधी ब्रशलेस अगदी हळू सुरू होताना अडखळते, आणि चढावर तोच क्षण सगळ्यात नाजूक असतो.

गाडी आली की तिच्यावर काहीही न लावता फळीवरचे दोन्ही कोन मोजा आणि इथे लिहा, सोबत समोरून आणि बाजूने एकेक फोटो टाका. कोणत्या बाजूला आधी सुटते ते बघून पहिली वजनं कुठे आणि किती ग्रॅमची लावायची ते ठरवू.