छताला ओल आली, वरची फरशी फोडायची का?

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छताला ओलीचा डाग आहे, पोपडे निघताहेत. वरचे शेजारी म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. प्लंबर त्यांची सगळी फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करायला सांगतो. इमारत सात मजली, आम्ही तिसऱ्यावर. — एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात हातोडा नको. पाणी नळाच्या लाइनमधून, सांडपाण्याच्या पाइपातून किंवा फरशीच्या सांध्यांतून येतं. तिन्हींची दुरुस्ती वेगळी, खर्चही वेगळा.

डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा, तारीख लिहा. वरच्यांना ते बाथरूम दोन-तीन दिवस बंद ठेवायची विनंती करा. स्लॅब पाणी धरून ठेवतो, त्यामुळे एका दिवसात काही कळत नाही. वापर थांबूनही ठिबक तशीच राहिली, तर संशय नळाच्या लाइनवर.

मग वरच्यांच्या नळाच्या लाइनची प्रेशर टेस्ट (दाब देऊन तपासणी) करून घ्या. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर उतारामागे सुमारे १ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब येतो, म्हणजे चौथ्या मजल्यावर सव्वा-दीड किलो. टेस्टिंगच्या हातपंपाने ४ किलोपर्यंत दाब देऊन तासभर त्याच्या दाबमापकाचा काटा पाहायचा. आधी गीझर काढून त्याचे दोन्ही पॉइंट कनेक्शन पाइपने जोडा, गरम-थंड लाइन एकदम तपासली जाते. नळ आणि मिक्सरही काढून एंड प्लग लावा. हे बरेच जण टाळतात, मग नळाच्या स्पिंडलमधून दाब उतरतो आणि दोष भिंतीतल्या पाइपाला लागतो. काटा उतरला, तर जोडपाइप काढून दोन्ही लाइनी वेगळ्या तपासा. सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) लाइनमध्ये गळती बहुधा नळामागच्या पितळी आट्यांच्या एल्बोला (काटकोनी जोडाला) असते, पान्याने जास्त आवळला की तो तडकतो. तिथे एक-दोन टाइल्स काढून काम भागतं.

काटा हलला नाही, तर फरशी कोरडी ठेवून पाइपने थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या) जाळीत तीन-चार बादल्या पाणी सोडा. दिवसभरात खाली ओल वाढली, तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप गळतोय. नाही वाढली, तर ट्रॅपमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर २ सेंटीमीटर पाणी २४ तास साठवा. आता ओल आली, तर दोष फरशीचा. निव्वळ टाइल्सचे सांधे उघडे पडले असतील, तर ते खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा. तरीही पाझरलं, तरच सगळी फरशी काढा.

खर्चाचं म्हणाल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची, बाहेरच्या सामाईक पाइपांची संस्थेने.

प्रश्न : बंगल्याची टाकी रात्रीतून उतरते, ओल मात्र कुठेच नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : फ्लश टँक पाहा. त्या टँकमध्ये खाण्याचा रंग टाका, २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर तळाच्या व्हॉल्व्हचं वॉशर गेलंय. बोअरच्या पाण्याचे क्षार साचले असतील तर व्हिनेगरने धुऊन आधी तेच परत बसवून पाहा. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली दोनेक सेंटीमीटर हवी. गळती १० मिनिटांत एक लिटर असली, तरी दिवसाला १४४ लिटर जातात.

प्रश्न : दुरुस्तीनंतर रंग कधी लावावा?

उत्तर : पेन्सिलीच्या रेघेआतला डाग पूर्ण सुकल्यावर. त्याला काही आठवडे लागतात. ओल्यावर पुट्टी मारली, तर लोणा फुटून ती परत सुटते.