वजन उतरवताना गोडाला पानात जागा कशी करावी

ताई, आपला प्रश्न मी असा समजतो. आहारतज्ज्ञांनी आपल्याला दिवसाला १५०० कॅलरींचा आहार ठरवून दिला आहे, गोड आपण पूर्ण बंद केले आहे, दोन आठवडे ते कसोशीने पाळले जाते, आणि मग रविवारी घरची मंडळी नाशिकच्या गंगापूर रस्त्याला मिसळ खायला निघाली की जिलेबीपाशी सगळा निर्धार ढासळतो. पुढे श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांची रांग आहे, आणि गोड खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी वजनकाटा किलोभर पुढे सरकलेला दिसला की आपण खचून जाता.

माझे मत असे की गोड बंद करू नये. त्याला पानात जागा द्यावी आणि त्या जागेपुरते दुसरे काहीतरी पानातून उचलावे. वजन उतरते ते खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेल्याने. ती ऊर्जा साखरेतून आली की भाकरीतून, हा प्रश्न पोषणाच्या आणि भुकेच्या दृष्टीने महत्त्वाचा असला, तरी दिवसाचा हिशेब जुळला तर एका जिलेबीने वजन अडत नाही. जे अडते ते पोटभर जेवून झाल्यावर, हिशेबाबाहेर, उभ्याउभ्या तोंडात टाकलेल्या गोडाने.

सर्वांत आधी चहाकडे पाहावे, कारण त्याला आपण गोडात मोजतच नाही. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर धरली, तर चमच्याला साधारण ५ ग्रॅम याप्रमाणे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी, कोणताही सण नसताना रोज पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी आहे की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी. १५०० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे जेमतेम ३७ ग्रॅम साखर, त्यामुळे वरची मर्यादा एकट्या चहानेच ओलांडली जाते. म्हणून कपातली साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करत न्यावी. जीभ ते सहज स्वीकारते, आणि ज्या गोडाची खरोखर ओढ आहे त्याच्यासाठी जागा मोकळी होते. चवीकडे लक्षही न देता संपवलेल्या चहावर ही साखर उधळणे मला तरी परवडत नाही.

आता रविवारची मिसळ. तिथे दोष जिलेबीला मिळतो, पण ताट नीट पाहिले तर वरची तर्री, मूठभर फरसाण आणि मागून मागवलेली पावाची दुसरी जोडी यांचा भार जिलेबीपेक्षा कितीतरी जास्त असतो. एका पावात ११० ते १२० कॅलरी असतात. २५ ते ३० ग्रॅमची एक लहान जिलेबीही जवळपास तेवढीच पडते. म्हणून दुसरी जोडी मागवू नये, पहिल्या जोडीतला एक पाव परत द्यावा, तर्री बेताची घ्यावी आणि एक जिलेबी गरम असताना, मिसळीबरोबरच, सावकाश खावी. घरी पाव किलो बांधून मात्र नेऊ नये. दुपारी चार वाजता थंड झालेली, पाक सुटलेली जिलेबी केवळ समोर आहे म्हणून खाल्ली जाते.

सणाच्या पुरणपोळीचा हिशेब घरी, कच्च्या जिनसांवरून करता येतो. पोळीमागे ३० ग्रॅम हरभराडाळ, ३० ग्रॅम गूळ आणि ३० ग्रॅम कणीक धरली, तर अनुक्रमे ११०, ११५ आणि १०० अशा सव्वातीनशे कॅलरी होतात. त्यावर तुपाची सढळ धार धरली की दोन मोठे चमचे म्हणजे आणखी अडीचशे! तूप जवळजवळ पोळीइतकेच भारी पडण्याची वेळ येते ती इथे. तूप लहान चमच्याने मोजून घेतले तर ते ४५ कॅलरींत भागते आणि चवीला उणेपणा येत नाही. पुरणाचा गोळा व कणीक दोन्ही निम्मी घेऊन लहान पोळ्या कराव्यात. त्या दिवशी पानात भात आणि तळण घेऊ नये. कटाची आमटी, कोशिंबीर आणि एखादी भाजी आधी खावी, म्हणजे पोळी रिकाम्या पोटी पडत नाही आणि दुसरीसाठी हातही पुढे जात नाही.

गूळ, मध किंवा खजूर घातले म्हणून पदार्थ हलका होत नाही. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत फारसा फरक नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या काजूबर्फीत काजू तेवढेच असतात. कृत्रिम गोडव्यांचा वापर वजन नियंत्रणासाठी करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचवले आहे. त्यापेक्षा आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षे हंगामात खुशाल खावीत. १०० ग्रॅम द्राक्षांत ७० च्या आसपास कॅलरी असतात. तीच वाळून बेदाणे झाली की तेवढ्याच वजनाला ३०० होतात, म्हणून बेदाण्यांची वाटी समोर घेऊन बसू नये.

गोड खाऊन कृषीनगरच्या ट्रॅकवर जास्तीच्या फेऱ्या मारण्याचे प्रायश्चित्तही नको. अर्धा तास झपाट्याने चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे एक जिलेबी आणि वर थोडेसे. चालणे रोजचे असावे, शिक्षेचे नसावे.

मधुमेह असल्यास किंवा त्यावरची औषधे चालू असल्यास वरचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नये.

राहिला दुसऱ्या दिवशीचा काटा. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. तेवढे जास्तीचे अन्न एका सणात कोणी खात नाही. वाढलेले दिसते ते बहुतांशी पाणी, कारण पिष्टमय पदार्थ शरीरात साठताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतात आणि मिठाने त्यात भर पडते. दोन-तीन दिवस नेहमीचे जेवण ठेवले की ते उतरते. तोवर उपास करू नये, आणि वजन रोजचे न धरता आठवड्याची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी.